भिंतीवर गोंड, फलकावर इंग्रजी

महानगर होऊ पाहणाऱ्या प्रत्येक शहराला अलीकडे 'बहुसांस्कृतिक' म्हणवून घेण्याची ओढ लागली आहे. नागपूरही त्याला अपवाद नाही. कलामहोत्सव असो, उड्डाणपुलाखालच्या खांबांचे सुशोभीकरण असो, वा एखाद्या आंतरराष्ट्रीय बैठकीसाठी घाईघाईने रंगवून काढलेल्या भिंती असोत, निमंत्रणपत्रिकेत हा शब्द हटकून भेटतो. शब्द भारदस्त आहे. त्यामुळे त्याचा अर्थ विचारण्याच्या भरीस सहसा कोणी पडत नाही. प्रस्तुत लेखकाचा व्यवसाय उपयोजित कलेचा, म्हणजे ज्याला आज सारेच ग्राफिक डिझाइन म्हणतात, त्याचा आहे. फलक, पत्रिका, मुखपृष्ठे, बोधचिन्हे ही त्याची रोजची कामे. या भारदस्त शब्दाचे प्रत्यक्ष कागदावर आणि भिंतीवर काय होते, हे त्याला फार जवळून पाहावे लागते.

काय होते? एका कोपऱ्यात ठिपक्यांचे हरीण, दुसऱ्या कोपऱ्यात वारली नर्तकांचे वर्तुळ, खालच्या किनारीला पैठणीचा मोर, मध्यभागी संत्रे. या सगळ्याच्या वर ठळक रोमन अक्षरांत महोत्सवाचे इंग्रजी नाव. देवनागरी कोठे आहे, हे शोधावे लागते. ती बहुधा तळाशी, पुरस्कर्त्यांच्या चिन्हांच्या रांगेलगत, मुंगीएवढ्या आकारात सापडते. चित्रांत दहा समाजांना जागा मिळते. त्या दहा समाजांना वाचता येणाऱ्या लिपीला मात्र मिळत नाही. यालाच शहराच्या वैविध्याचा उत्सव म्हणायचे आहे काय?

'बहुसांस्कृतिकता' हे मुळात एका परक्या देशाच्या सरकारी धोरणाचे नाव आहे. कॅनडाने १९७१ साली ते अधिकृतपणे स्वीकारले. इंग्रज आणि फ्रेंच वसाहतकारांच्या वंशजांनी घडवलेल्या देशात मागाहून आलेल्या युक्रेनियन, इटालियन, चिनी कुटुंबांना सामावून कसे घ्यावे, हा त्या देशाचा खरा प्रश्न होता. प्रत्येक समूहाला त्याची ओळख, त्याचा सण, त्याचा मंडप, हे उत्तर त्यांच्या परिस्थितीला धरून होते. (तेथील मूळ रहिवासी त्या उत्तरात कधीच नीट बसले नाहीत, ही गोष्ट वेगळी.) तोच साचा उचलून नागपूरवर बसवला की मात्र घोटाळा होतो.

नागपूर वसवले देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शहाने, अठराव्या शतकाच्या आरंभी. पुढे रघूजी भोसल्यांनी येथे राजधानी आणली, तरी गोंड राजाचे घराणे याच शहरात सन्मानाने राहिले. कोष्ट्यांचे माग येथे चालले, उत्तरेतून आलेल्या मोमीन विणकरांचेही चालले. १८७७ साली जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली आणि छत्तीसगडपासून वऱ्हाडापर्यंतचा कामगार एका भोंग्यावर उठू लागला. रेल्वे, न्यायालये आणि सचिवालय यांच्याबरोबर बंगाली, तेलुगू, तमिळ कुटुंबे स्थिरावली. १९५६ पर्यंत नागपूर ज्या राज्याची राजधानी होते, त्या राज्याचा कारभार मराठी आणि हिंदी अशा दोन भाषांत चाले. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी येथेच धम्मदीक्षा घेतली. हे सारे एकमेकांत इतके मुरले आहे की नागपूरकराच्या क्रियापदातही ते ऐकू येते. 'तो काय करून राहिला' या वाक्याला पुण्यात हसतात. पण दोन भाषा तीनशे वर्षे एका ओसरीवर बसल्या तर वाक्य असेच होणार. अशा शहराचे वैविध्य मंडपात मांडून दाखवण्याची गरज काय? ते रस्त्यावर बोलत असते.

उसनी नक्षी

आता त्या ठिपक्यांच्या हरणाकडे वळू. 'गोंड कला' म्हणून जी शैली आज सर्वत्र रंगवली जाते, ती मध्य प्रदेशातील दिंडोरी जिल्ह्याच्या पाटनगढ या गावची. परधान हे गोंडांच्या वंशगाथा बाणा या वाद्यावर गाणारे लोक. त्यांच्यातील जनगढ सिंह श्याम हा तरुण १९८० च्या दशकाच्या आरंभी भोपाळच्या भारत भवनात आला आणि गाण्यातील देवदेवता, प्राणी, वृक्ष त्याने कागदावर उतरवले. ठिपके आणि रेघा यांची ती घडण त्याच्या हातची होती; पुढे त्याच्या नातलगांनी आणि गावकऱ्यांनी ती आपापल्या परीने वाढवली. २००१ साली जपानमध्ये असताना त्याचा मृत्यू झाला. मध्य प्रदेशच्या गोंड चित्रांना २०२३ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. म्हणजे ज्याला आपण 'अनादि आदिवासी नक्षी' समजून भिंतीवर ओततो, ती एका नाव-गाव असलेल्या कलावंतापासून सुरू झालेली, अवघी चार दशकांची आधुनिक चित्रपरंपरा आहे.

आपण काय करतो? संगणकावर 'गोंड नक्षी' अशा नावाने तयार मिळणारे चित्र उतरवून घेतो, त्यात संत्र्याचा रंग भरतो आणि नागपूरच्या गोंड वारशाला वंदन केल्याचे समाधान मानतो. पाटनगढच्या चित्रकाराला त्यात छदाम मिळत नाही. गडचिरोलीच्या माडिया गोंडांच्या स्मृतिस्तंभांची, विदर्भातील गोंड स्त्रियांच्या गोंदणाची घडण त्याहून निराळी आहे, हे कोणाच्या गावीही नसते. दोघांचाही अपमान, आणि तोही सन्मानाच्या नावाखाली.

याच गोंडांची स्वतःची अक्षरे आहेत, हे किती रसिकांना ठाऊक असेल? बालाघाटकडील मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी १९१८ साली गोंडीसाठी लिपी रचली. २०१७ मध्ये तिला युनिकोडमध्ये स्थान मिळाले. आदिलाबाद जिल्ह्यातील गुंजाला गावच्या हस्तलिखितांतून पुढे आलेल्या दुसऱ्या गोंडी लिपीला २०१८ मध्ये ते मिळाले. गोंडी भाषेसाठी आयुष्य वेचणारे मोतीराम कंगाली याच नागपुरात राहिले. २०१५ साली ते गेले. 'ट्रायबल' असे इंग्रजीत लिहिलेल्या दालनात गोंडी लिपीतला एक शब्द, किंवा देवनागरीत लिहिलेले एक गोंडी वाक्य, मला आजवर आढळले नाही. नक्षी हवी, कारण ती मुकी असते. अक्षर नको, कारण अक्षर आले की तो समाज बोलू लागतो आणि मग त्याचे ऐकावे लागते!

याउलट उदाहरणेही आहेत, ती नोंदवली पाहिजेत. रेल्वेच्या २०१८ सालच्या स्थानक सुशोभीकरण स्पर्धेत बल्लारशाह आणि चंद्रपूर ही आपल्या विदर्भातली स्थानके पहिली आली. तेथे ताडोब्याचे वाघ आणि जंगल भिंतीवर आले, ते त्या भूमीचे म्हणून आले. बिहारमधल्या मधुबनी स्थानकाने तर आपलीच मिथिला चित्रे आपल्याच कलावंतांकडून रंगवून घेतली. जे आपले आहे ते ज्याचे आहे त्याच्या हातून उमटले, तर त्याला कोणत्याही आयात शब्दाचा टेकू लागत नाही.

मोडलेली वेलांटी

परंतु दोष केवळ महोत्सवांच्या आयोजकांना देऊन सुटका नाही. स्वभाषेचा अभिमान बाळगणाऱ्या आपल्या मध्यमवर्गीय घरांतूनही हेच चालते. व्याख्यानमालेचा विषय 'मातृभाषेचे महत्त्व' आणि तिचा फलक मात्र असा की 'विदर्भ' या शब्दातील वेलांटी 'व'ला सोडून 'द'च्या डोक्यावर बसलेली, रफाराच्या जागी पाय मोडलेला 'र'. लग्नपत्रिकेत गणपतीचे नाव देवनागरीत, पुढचे सारे रोमन लिपीत. एका परिचित संस्थेच्या वर्धापनदिनाच्या कामात मला सांगण्यात आले, "आधी इंग्रजी पक्के करा, मराठी शेवटी कुठेही बसवता येईल." हे सांगणारे गृहस्थ मराठी शाळा वाचवण्याच्या चळवळीत पुढे असतात.

'मराठी शेवटी कुठेही बसवता येईल' ही वृत्तीच या दुर्दशेचे मूळ आहे. देवनागरी ही रोमनच्या मापात कापून बसवण्याची लिपी नव्हे. तिला वर मात्रा-वेलांटी-रफारासाठी आणि खाली उकारासाठी मोकळी जागा लागते. ओळींतील अंतर इंग्रजीपेक्षा अधिक ठेवावे लागते. शिरोरेषा तोडून अक्षरांत अंतर पाडले की शब्द विस्कटतो. पानाची मांडणी इंग्रजीने ठरली की या कशालाच जागा उरत नाही, मग अक्षरे आडवी दाबली जातात, उभी ताणली जातात.

वेलांटी का मोडते, हेही वाचकांनी एकदा समजून घ्यावे. चित्रण आणि मांडणीच्या प्रचलित संगणक-प्रणालींत भारतीय लिप्यांसाठीची सोय असते, पण ती बहुधा मुद्दाम चालू करावी लागते. ती चालू न करता मजकूर चिकटवला की ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या पुढे पडते आणि जोडाक्षरे सुटी होतात. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टांची आणखी निराळी गंमत. त्यांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे भरलेले असत. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर धारिका उघडली की ज्ञानेश्वरीवरच्या लेखाचा अगम्य रोमन कचरा होतो. आणि कित्येक ठिकाणी अजूनही तेच वापरले जातात.

मराठीची म्हणून काही खास वळणे आहेत. 'दुसऱ्या', 'तऱ्हा', 'वऱ्हाड' यांतला तो पापणीसारखा 'र' हिंदीत लागत नाही. मराठीत त्याच्यावाचून 'आचार्य' आणि 'आचाऱ्या' यांतला भेद दाखवता येत नाही. 'ल' आणि 'श' यांची मराठी वळणे हिंदीहून वेगळी आहेत. महाराष्ट्र शासनाने २००९ साली शासन निर्णय काढून मराठीची वळणे निश्चित केली. युनिकोडमध्ये मात्र 'ल'ला एकच क्रमांक आहे. कोणते वळण उमटावे, हे फॉन्टवर आणि मजकुराची भाषा मराठी आहे अशी नोंद केली आहे की नाही, यावर अवलंबून असते. ही नोंद करायला काही क्षण लागतात. ते क्षणही आपण स्वभाषेला देत नाही, आणि मग हिंदीचे आक्रमण झाले म्हणून कोणावर रागावतो?

येथे कोणी म्हणेल, हे शहर अनेक भाषकांचे आहे, तेव्हा इंग्रजी हीच सर्वांना सोयीची. युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो. पण नागपुरातील हिंदी भाषक, मारवाडी व्यापारी, छत्तीसगडी मजूर यांना कोणती लिपी वाचता येते? देवनागरीच. गोंडी लिहिणारे अनेकजण तिचाच आधार घेतात. बंगाली, तेलुगू वा उर्दू बोलणाऱ्या घरातील मूलही शाळेत देवनागरी शिकते. २०२० च्या कायद्याने तर राज्यातील सर्व शाळांत मराठी अनिवार्य केली आहे. नागपूरच्या रेल्वेफलकावर 'नागपूर' आणि 'नागपुर' हे दोन शब्द एकाखाली एक उभे असतात. उकार ऱ्हस्व की दीर्घ, एवढाच काय तो फरक. या शहराच्या बहुभाषिकतेचे याहून नेमके चित्र कोणता महोत्सव काढू शकेल? एका लिपीत दोन भाषा नांदतात आणि कोणाचेही अडत नाही. रोमन फलक ज्यांच्यासाठी लावला जातो तो वर्ग वस्तुतः लहान आहे. तो केवळ अधिक खर्च करू शकतो.

कायद्यानेही सारे साधत नाही. २०२२ साली राज्याने दुकाने व आस्थापनांसंबंधीच्या कायद्यात सुधारणा केली. लहान दुकानांनाही मराठी फलक बंधनकारक झाले आणि मराठी अक्षर अन्य लिपीहून लहान नसावे, असेही ठरले. व्यापारी सर्वोच्च न्यायालयात गेले. सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने त्यांना दोन महिन्यांची मुदत दिली आणि दाव्यापेक्षा फलकावर खर्च करा, असे सुनावले. निर्णय स्वागतार्हच होता. पण त्या दोन महिन्यांत जे फलक लागले ते पाहा. इंग्रजी नावाचे जसेच्या तसे लिप्यंतर, संगणकात आयता सापडलेला फॉन्ट, मापाची अट पुरी करण्यासाठी फुगवलेली अक्षरे. दंड टळला. ज्या पेंटरांनी कधीकाळी सीताबर्डी आणि इतवारीतल्या दुकानांची नावे हाताने, सावली देऊन, दुकानागणिक वेगळ्या वळणात रंगवली होती, त्यांपैकी कोणाला या निमित्ताने काम मिळाल्याचे ऐकिवात नाही. फ्लेक्सने त्यांचा धंदा केव्हाच बसवला आहे.

ज्यांनी अक्षराची चाड बाळगली

असे नाही की आपल्याकडे पूर्वसूरी नव्हते. जावजी दादाजींनी अमेरिकन मिशनच्या छापखान्यात खिळे घासण्यापासून सुरुवात केली आणि १८६९ मध्ये मुंबईत निर्णयसागर छापखाना उभा केला. मिशनच्या छापखान्याने देवनागरीचे तंत्र दिले, हे नाकारण्याचे कारण नाही. पण त्या तंत्राला सौष्ठव दिले निर्णयसागरने. त्यांचे संस्कृत ग्रंथ देशभरच्या विद्वानांनी प्रमाण मानले, ते शुद्धतेइतकेच त्या टायपाच्या देखणेपणामुळेही. लोकमान्य टिळकांसारखा राजकारणात आकंठ बुडालेला पुरुष देवनागरी खिळ्यांची संख्या आटोक्यात कशी आणावी, याचा विचार करीत होता. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी लिपिशुद्धीचा आग्रह धरला. त्यांची 'अ'ची बाराखडी पटो वा न पटो, लिपी यंत्राच्या युगात टिकली पाहिजे ही त्यामागची तळमळ खरी होती. या माणसांना अक्षर हा राष्ट्रजीवनाचा प्रश्न वाटत होता. आपल्याला तो छपाईवाल्याचा प्रश्न वाटतो.

नंतरच्या काळातही र. कृ. जोशी झाले. जाहिरातीच्या क्षेत्रातून आलेला हा सुलेखनकार पवईच्या आयआयटीत शिकवू लागला आणि संगणकावरील देवनागरीच्या घडणीत त्याने उत्तरायुष्य घातले. विंडोजवरचा 'मंगल' हा फॉन्ट त्यांचा. कोट्यवधी लोकांनी तो वापरला, त्यांपैकी किती जणांना कर्त्याचे नाव माहीत असेल? ते २००८ साली गेले. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांच्या शीर्षकांना चेहरे दिले. नाटकाची जाहिरात वाचण्याआधी ओळखू यायची. २०२० मध्ये तेही गेले. अच्युत पालव यांनी मोडीचा अभ्यास करून त्या वळणांतून नवी सुलेखनशैली घडवली, २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. भोसल्यांच्या दफ्तरातील मोडीचे जे वैभव नागपूरच्या वाट्याला आले, त्याकडे येथील किती कलाविद्यार्थ्यांचे लक्ष वेधले गेले, हे मात्र विचारू नये.

साधनांची उणीव आहे, असेही आता म्हणता येत नाही. मुंबईच्या एक टाइपने 'मुक्त', 'बलू', 'मोदक' असे देवनागरी फॉन्ट केले आणि ते विनामूल्य खुले केले. 'बलू' तर अनेक भारतीय लिप्यांत एकाच स्वभावाने उभा आहे. तेलुगू, बंगाली, देवनागरी एका फलकावर आणायची असेल तर ती एका घराण्यातली दिसते. बहुभाषिक शहराला यापेक्षा अधिक काय हवे?

आणि लोकांच्या पातळीवर पाहिले तर अक्षर अजून जिवंत आहे, फक्त ते निमंत्रणपत्रिकेच्या जगाबाहेर आहे. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी इतवारी परिसरातून मारबती निघतात. काळी मारबत १८८१ पासूनची, पिवळी १८८५ पासूनची. त्यांच्यासोबत बडग्ये असतात आणि त्यांच्या अंगावर महागाईपासून भ्रष्टाचारापर्यंत वर्षभराचा राग लिहिलेला असतो, कधी मराठीत, कधी हिंदीत, बहुतेकदा दोहोंच्या मिश्रणात. दुपारी ते सारे जाळले जाते. दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनी पुस्तकांची दुकाने पाहावीत. दूरवरून, पदरमोड करून आलेला माणूस भाकरीच्या पिशवीत पुस्तक घालून नेतो; ती मुखपृष्ठे, ते निळे फलक, सारे देवनागरीत बोलते. देशातील कोणत्या साहित्यमहोत्सवाला असा वाचक लाभतो? दिवाळीनंतर मंडईच्या दिवसांत पूर्व विदर्भात झाडीपट्टीची नाटके रात्र-रात्र चालतात. वडसा हे त्यांचे केंद्र. त्या नाटकांचे भडक रंगांचे, जाड ठाशीव अक्षरांचे फलक गावोगावच्या भिंतींवर दिसतात, आणि त्यांतली काही शीर्षके वाचून हसू आवरत नाही. याच रंगभूमीवरील परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. नागपूरच्या कलामहोत्सवात झाडीपट्टीचे फलक मांडलेले मी तरी पाहिलेले नाहीत. तेथे पोलंडची भित्तिचित्रे भेटतात. ती सुंदरच आहेत, त्याबद्दल तक्रार नाही. पण वडसा नागपूरहून वॉर्सापेक्षा जवळ आहे.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्या आनंदाचे फलक नागपुरातही लागले. माझ्या वाटेवरच्या एका फलकावर 'अभिजात'मधली वेलांटी 'भ'ला सोडून 'ज'वर गेली होती. तो आठ दिवस तसाच होता. खालून जाणाऱ्या शेकडो सुशिक्षितांपैकी कोणी लावणाऱ्यांना दूरध्वनी केला असता, तर तो दुसऱ्या दिवशी बदलला असता.

तेव्हा महानगरपालिकेने, सांस्कृतिक केंद्रांनी, महोत्सवाच्या समित्यांनी कामाचे आदेश काढताना दोन अटी घालाव्यात. मांडणी देवनागरीत आधी मंजूर व्हावी, इतर लिप्या मागाहून. आणि ज्या समाजाची नक्षी घेतली त्या समाजातील कलावंताचे नाव व मानधन त्या आदेशात लिहिलेले असावे. ते नसेल तर नक्षी नको. शासकीय चित्रकला महाविद्यालयातून दरवर्षी बाहेर पडणाऱ्या मुलांना जुन्या पेंटरांसमोर महिनाभर बसवण्याची व्यवस्था करणे तर खर्चाचेही काम नाही. ते पेंटर हयात आहेत तोवरच ते शक्य आहे. कुटुंबांसाठी काम याहून सोपे आहे. घरात मंगलकार्य ठरले की पत्रिकेचा नमुना तपासायला येतो. त्यात आडनावांच्या याद्या सगळेच तपासतात. एकदा 'ऱ्या' कसा छापला आहे तेही पाहावे, आणि चुकला असेल तर नमुना परत पाठवावा.